नळीला टेकलेलं लाकूड

प्रिय ऑरिन,

पत्र बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, घर जळालेलं नाही, आणि माझा नवरा लाइल अजून तसाच छप्पर हलेपर्यंत घोरतो. पण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे बोलू देत नाहीस. तिसऱ्याला "बरं रोवेना, आयलीन हाक मारतेय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. बायकोचं नाव पुढे करायची ही तुझी जुनी युक्ती मला ठाऊक आहे. पत्राला तसं कापता येत नाही, म्हणून खुर्ची ओढ आणि शेवटपर्यंत वाच.

जूनमध्ये पहाडी बकऱ्याच्या शिकारीच्या सोडतीत तुझं नाव निघालं, तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले होते. हा परवाना माणसाला जन्मात एकदाच मिळतो. बाबा दरवर्षी अर्ज भरत भरत म्हातारे झाले, त्यांचं नाव कधी निघालं नाही. आणि तू दुसऱ्याच दिवशी म्हणालास, "मी परवान्याचा टॅग परत करणार आहे. ज्याच्या हाताचा भरवसा नाही, त्याने बंदूक उचलू नये." हंगाम सुरू व्हायच्या आत परत करता येतो, कायद्याने तुला हक्क आहे, सगळं खरं. पण मला ते पटलं नाही, आणि मला एखादी गोष्ट पटली नाही की काय होतं, हे तू माझा भाऊ म्हणून लहानपणापासून भोगलं आहेस.

ती एल्क हरणाची मादी तुझ्या मनातून जात नाही, हे मला कळतं. मी तुझ्या शेजारीच होते. दोन दिवस पावसात तंबूत कुजून आपण बाहेर पडलो. ती डावीकडे तोंड करून उभी होती, तू नीट टेकून, श्वास सोडून चाप ओढलास आणि गोळी पोटात मागे लागली. मग आपण बर्फ पडेपर्यंत तिचा माग काढला आणि ती सापडली नाही. घायाळ जनावर रानात सोडून येणं याहून मोठी लाज आपल्या घरात नव्हती. घरी आल्यावर तू रायफल माझ्या हातात दिलीस, "ठेव तुझ्याकडे, मला डोळ्यांसमोर नको," म्हणालास. शिकाऱ्याने बंदुकीला दोष दिला की लोक हसतात, नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. तू दोष दिला नाहीस. पण मला राहून राहून वाटायचं, अंगण एकदा बघावं तरी.

जुलैत मी ते बघितलं. नळी आणि तिच्याखालचा लाकडी दस्ता यांच्या फटीतून एक डॉलरची नोट सरकवली. ही परीक्षा आपल्याकडे सगळेच करतात, आपण मात्र या रायफलीची कधी केली नव्हती. नोट निम्म्यावर जाऊन डावीकडे अडकली, म्हणजे तिथे लाकूड नळीला टेकत होतं. तुझी रायफल हलकी, कडे चढताना खांद्याला जाणवू नये म्हणून नळी बारीक केलेली. आणि बारीक नळीचा राग नाकावर असतो. जरा तापली किंवा कुणी जरा बाजूने टेकलं की ती बिथरते. मग लाकूड फुगावं म्हणून मी दस्त्याच्या पुढच्या भागाला ओलं फडकं गुंडाळून दोन दिवस तशीच ठेवली, आपण पावसात ठेवली होती तशी. कुरणात वाळूच्या पिशव्यांवर टेकून दोनशे यार्डांवरच्या निशाणावर मारली. गोळ्या वीतभर उजवीकडे गेल्या, ऑरिन. डावीकडे तोंड करून उभ्या असलेल्या जनावराच्या बाबतीत वीतभर उजवीकडे म्हणजे कुठे, ते तुला मी सांगायला नको. मी तिथेच गवतात बसले आणि मला रडू आलं.

त्यानंतर मी कामाला लागले. लोकांच्या स्वयंपाकघरांची कपाटं बनवते मी, थोड्या अक्रोडाच्या लाकडाला घाबरणार आहे का? गोल काठीला पॉलिश पेपर गुंडाळून नळीची खोबण घासली, नोट शेवटपर्यंत अल्लाद जाईपर्यंत घासली. मग नळीच्या मागचा भाग लाकडात नीट बसवायचा होता, कारण गोळी सुटतानाचा धक्का झेलणारा तो लोखंडी दात तिथे हलत होता. पटाशीने तिथलं थोडं लाकूड काढलं आणि दोन डब्यांतली मिसळून दगडासारखी होणारी लुकण भरली. लोखंडाला आधी मेण चोळायचं असतं, नाहीतर ते कायमचं चिकटतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी सगळीकडे मेण चोळलं आणि मागच्या स्क्रूला विसरले.

सकाळी रायफल आणि दस्ता एकजीव. रबरी हातोडीने ठोकलं, शिव्या दिल्या, उपयोग शून्य. शेवटी अख्खी रायफल मोठ्या फ्रीजरमध्ये तिरपी घातली, हकलबेरीच्या फळांच्या पिशव्या आणि गेल्या वर्षीचं मांस यांच्या मधोमध. थंडीने लोखंड आकसतं. दुपारी लाइल आइस्क्रीम शोधायला गेला आणि आतून ओरडला, "अगं, आज रात्री बंदूक शिजवणार आहेस का? बटाटे सोलू?" मी म्हटलं, "आधी तुला सोलते." रात्रीच्या जेवणाआधी बाहेर काढून एक टोला दिला, आणि टक्‌ करून ती सुटली. आतला साचा काचेसारखा गुळगुळीत निघाला. मी लाइलच्या टकलाचा मुका घेतला, तो बिचारा आइस्क्रीम खात होता.

मग दस्त्याला आतून-बाहेरून तेलाचे हात दिले, पाणी शिरायला एक छिद्र ठेवलं नाही. पुन्हा ओलं फडकं, पुन्हा दोन दिवस. मग परत कुरणात गेले. पहिल्या तीन गोळ्यांची भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली. नळी निवू दिली, परत मारल्या, परत तसंच. या खेपेला अंगण खरोखरच वाकडं होतं. आता ते सरळ झालं आहे.

पण एवढं कळवायला मी चार पानं लिहिली नसती. आयलीनने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, ती बिचारी एकटीच हे ओझं वाहत होती. तुझ्या उजव्या हाताच्या कंपाला डॉक्टरांनी दिलेलं नाव तू माझ्यापासून लपवलंस. औषधाने तो अजून स्थिर राहतो, पुढच्या वर्षीचं कुणी सांगू शकत नाही, हेही मला कळलं. आणि तू मनाशी ठरवून टाकलंस की हे दुखणं तेव्हाच सुरू झालं असणार, म्हणून ती एल्क तशी गेली. नाही, ऑरिन. ते लाकूड होतं. जे तुझ्या हाताने केलंच नाही ते त्याच्या माथी मारू नकोस, त्याला पुढे सोसायला पुष्कळ आहे. शनिवारी मी रायफल घेऊन तुझ्या दारात उभी राहणार आहे. पिशव्यांवर टेकून तीन गोळ्या मारायच्या. एक जरी भरकटली तर टॅग मी स्वतः पोस्टात टाकीन आणि या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही भरकटली, तर आपण दोघं कड्यावर जाणार. पुढे तुझ्या शर्टाची बटणं लावायची वेळ आली तर आम्ही दोघी आहोत. या वर्षी रायफल तू धर.

हट्टी असली तरी तुझीच,
रोवेना