सात बंगल्यातलं प्राचीन वचन

ती. इरावती आत्या,

साष्टांग नमस्कार. तू फोनवरचे मेसेज वाचत नाहीस, म्हणून कागद शोधला. बारावीच्या वहीतला आहे, कोराच होता (त्यावरून अभ्यासाचं काय ते समज). गुडघे कसे आहेत? नाशकात थंडी पडली असेल. इथे मुंबईत, सात बंगल्याला, थंडीची नुसती अफवा येते.

मी शिक्षा भोगतोय, पण मजेत. मागे मी लिफ्टमध्ये कागद लावला होता, दोन टाळ्या वाजवल्या की दार लवकर बंद होतं. आठवडाभर अख्खी बिल्डिंग टाळ्या वाजवत वर-खाली (पहिल्या मजल्यावरच्या कुंदाकाकू अजून वाजवतात, म्हणतात फरक पडतो). पकडला गेलो. कमिटीने ठरवलं, ह्याने महिनाभर खालच्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचा. आठ दिवसांत माझ्याकडचे सगळे संपले यार. नवव्या सकाळी अर्ध्या झोपेत, पाण्याच्या टँकरची वेळ पुसता पुसता हाताने आपोआप लिहिलं: खरं बोलायला माणूस मोकळा असावा लागतो, आणि मोकळं व्हायला खरं बोलावं लागतं. खाली टाकलं, प्राचीन वचन.

बघता बघता गर्दी. कुंदाकाकू म्हणाल्या, कपाटाची किल्ली कपाटातच राहून गेली तसं आहे हे, किल्लीवाला बोलवावा लागतो. दुसऱ्या मजल्यावरचे चैतन्य सर (रिटायर्ड, संस्कृतवाले) म्हणाले, अद्वैत आहे, आणि डोळे मिटून मूळ श्लोक आठवायला लागले. तिसऱ्या मजल्यावरचे नाना मात्र फळ्याजवळ सरकले. हातात दुधाची पिशवी, तिचं पाणी चपलेवर टपटप, आणि ते आपले वाचतायत. मग वर जाऊन त्यांनी सुनेला, शुभावहिनींना, सांगून टाकलं की रोज सकाळी हास्य क्लबाला म्हणून निघतात, पण दोन वर्षं ते तिथे गेलेलेच नाहीत. वर्सोव्याला जातात, फेरीबोटीने पलीकडे मढला, आणि लगेच परत. आता नानांचं बायपास झालंय, मधूनच चक्कर येते, म्हणून पाण्याच्या आसपास फिरकायची वहिनींची सक्त मनाई. मी जिन्यात होतो (ऐकत नव्हतो, नुसता थांबलो होतो).

"मग मला का नाही सांगितलंत, नाना?"

"तू जाऊ दिलं असतंस, तर सांगितलं असतं."

"तुम्ही सांगितलं असतंत, तर जाऊ दिलं असतं."

आत्या, माझ्या अंगावर काटा. मी गंमत म्हणून लिहिलेलं तिसऱ्या मजल्यावर राहत होतं.

वहिनी खाली आल्या, फळ्यावरचं वाचलं. म्हणाल्या, एवढ्या जुन्या माणसांनी सांगून ठेवलंय तर जाऊ देत, पण सोबत हवी. सोबत म्हणजे मी.

आता रोज सकाळी जातो आम्ही. काय सांगू तुला. काठ्यांवर बोंबील वाळत असतात, त्यांच्यातून ऊन गाळून येतं. बोट सुटली हे कळतच नाही, धक्काच हळूच मागे जायला लागतो. पाच मिनिटांचं पाणी, पण मध्ये एक जागा येते, तिथून वर्सोवाही लांब आणि मढही लांब, कुणी हाक मारली तरी पोचणार नाही असं वाटतं. तिथे नाना हसतात. क्लबातलं हसणं नाही, हळू, एकट्यापुरतं. मी तेव्हा दुसरीकडे बघतो. मला वाटतं मी पण तिथे जरा झोपतो, उघड्या डोळ्यांनी.

काल मात्र चैतन्य सरांनी गाठलं. सगळे ग्रंथ धुंडाळले, वचन कुठेच नाही, तुझं तर नाही ना? वहिनी शेजारीच उभ्या. टाळ्यांच्या कागदवाल्याच्या वाक्यावर आपण सासऱ्यांना बोटीत बसवलं हे त्यांना कळलं की बोट बंद, नानांची वाट लागली. म्हणून मी काहीतरी बोललो. असो. गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
यज्ञेश

ता. क. बोललो ते असं, की वचन माझ्या आत्याकडच्या पोथीत आहे, तिने कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलंय. तुझा नंबर दिलाय. सर रविवारी फोन करतील. पोथी आहे म्हण. दाखवा म्हणाले तर वाळवी लागली म्हण.

ता. क. २. पत्र बोटीतच पुरं केलं, तर नानांनी खांद्यावरून वाचलं. म्हणाले, पहिल्या दिवशीच तुझ्या नाकाला खडू आणि तोंडावर चोरटं हसू दिसलं होतं रे, तेव्हाच कळलं वचन तुझंच. फक्त शुभाला कळू देऊ नकोस.

ता. क. ३. पाकिटाला पोस्टाचं तिकीट मागायला वहिनींकडे गेलो. चिकटवता चिकटवता म्हणाल्या, तुझंच आहे ते, माहितेय मला, आत्यांना म्हणावं हो म्हणा. पण नानांना सांगू नकोस, लाजून जायचे बंद होतील. तर आता खरं माहीत नसलेले एकटे चैतन्य सर उरलेत. त्यांना जरा सांभाळून घे.