स्टँडमध्ये बसलेले पप्पा

प्रिय पप्पा,

आज आमचा सीझन संपला. एरवी मी फोन लावून स्कोअर सांगितला असता, आणि तुम्ही दोन्हीकडच्या गोलकीपरच्या चुका काढत बसला असता. आज फोन लावायला तुम्ही नाही, आणि आईने तिचा फोन बंद करून ठेवलाय. म्हणून लिहितेय. पुढच्या रविवारी मी आईला काय दाखवू, एवढंच मला सांगा. मला काही म्हणजे काहीच सुचत नाहीये.

तुम्ही म्हणाल, आधी डोळे पूस आणि पहिल्यापासून नीट सांग. सांगते.

मार्चमध्ये आमची पहिली मॅच होती, आठवतं? तुम्ही आपल्या अख्ख्या मौलाअली वस्तीला सांगून ठेवलं होतं की माझी पोरगी जपानच्या क्लबात कोच आहे. कोच नाही हो पप्पा, मी कॅमेरेवाली. स्टँडच्या माथ्यावर कॅमेरा लावून पूर्ण मैदान टिपायचं आणि कोण कुठं चुकला ते कापून कोचना द्यायचं, हे माझं काम. तेही तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, जिथं आमचा सेंटर फॉरवर्ड सकाळी पेट्रोल पंपावर गाड्या पुसतो आणि दुपारी प्रॅक्टिसला येतो. पण तुम्हाला कोण समजावणार? 'व्हिडिओ देखके बोलती ना प्लेयरों को? तो कोचच हुआ,' असं रेल्वेतल्या जुन्या दोस्तांना सांगून तुम्ही विषय मिटवला.

साथ आली आणि ती मार्चची मॅच झालीच नाही. एप्रिलमध्ये होईल म्हणाले, मग मेमध्ये. पोरं आपापल्या खोल्यांत जोर-बैठका काढत बसली. पेट्रोल पंपावरचं काम गेलं. क्लब टिकतो की बुडतो हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा रोज मला धीर कोण देत होतं? तुम्ही. 'ग्राउंड कुठं पळून जात नाही बेटा. तू जेवून घे.' तुमचं ते वाक्य ऐकून मला राग यायचा. आता ते ऐकायला मी काय वाट्टेल ते देईन.

जूनच्या शेवटी एकदाचा सीझन सुरू झाला, पण प्रेक्षकांशिवाय. मग क्लबने टूम काढली. चाहत्यांनी कमरेपर्यंतचा फोटो पाठवायचा, क्लब त्याचा माणसाएवढा पुठ्ठा कापून खुर्चीला बांधणार. मी तुम्हाला सहज सांगितलं, आणि तुम्ही तासाभरात रिटायरमेंटला आबिड्सच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला कोट चढवून तयार! क्लबचा रंग केशरी म्हणून आईची केशरी शाल मफलरसारखी गळ्यात. आई म्हणाली, 'ती स्वेटरवर घ्यायची शाल आहे, चुरगळू नका.' तुम्ही म्हणालात, 'अगं, मी जपानला निघालोय, आता तरी गप बस.' फोटोत तुम्ही अर्धे हसताय ते त्यामुळेच.

समोरच्या स्टँडमध्ये वरच्या रांगेत तुमची जागा होती. एका बाजूला एक आजीबाई, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी कुत्रा. सगळे पुठ्ठ्याचे. पुढं थोडी खरी माणसं येऊ लागली तर त्यांना नियम लावला, ओरडायचं नाही, फक्त टाळ्या वाजवायच्या. सिकंदराबादच्या ग्राउंडवर गोलमागं उभं राहून 'अरे मियाँ, बॉल को देखो, बॉलवाले को नक्को देखो' म्हणून गळा फाडणारा माणूस असल्या ठिकाणी कसा बसणार, असं मी आईला म्हटलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. तेच आमचं शेवटचं हसणं.

मग तुम्हाला ताप आला. आईलाही आला, पण तिचा उतरला. तुमचा का नाही उतरला हो? औषधं एकच, घर एकच, आई तर तुमच्यापेक्षा किती अशक्त! अँब्युलन्स आली तेव्हा तुम्ही चालत गेट​पर्यंत गेलात. आई तुमची पाण्याची बाटली भरायला आत गेली. बाहेर आली तोवर दार लागलेलं, गाडी वळलेली. बाटली हातातच राहिली. थोडं थांबायला सांगता येत नव्हतं का त्यांना? रेल्वेत जन्म गेला तुमचा, उशिरा येणाऱ्यासाठी गाडी थांबवायची हौस होती ना तुम्हाला? स्वतःच्या बायकोसाठी नाही थांबलात.

नंतर दवाखान्यातून नुसता फोन आला. जे काय करायचं ते महापालिकेच्या माणसांनी केलं. तुमचा चेहरा कुणी बघितला नाही. मी इथं, विमानं बंद, आणि इथून बाहेर पडणाऱ्या परदेशी माणसाला परत आत घेत नव्हते. आईच म्हणाली, 'येऊन काय बघशील? मीच काही बघितलं नाही.'

बुद्धविहारातले लोक जलदान विधीचं विचारायला आले. आपल्यात माणूस गेला की त्याच्या नावाने पाणी ओतून पुण्यानुमोदन केल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. आईने त्यांना दारातूनच परत लावलं. 'ज्याला जाताना बघितलं नाही, त्याचं जलदान कसं घालू? तुम्ही बघितलं का त्यांना?' असं विचारायची. त्या दिवसांत ती काही खात नव्हती. पलीकडच्या लक्ष्मी आंटी भिंतीवरून डबा ठेवायच्या आणि संध्याकाळी तसाच उचलायच्या. मला फोन करून सांगायच्या, 'अम्मा तिनलेदु.' आई जेवली नाही. रोज तेच.

मग एका रविवारी मी आईला माझ्या कॅमेऱ्याची लिंक पाठवली. तिचं मन रमावं, पोरगी काय काम करते ते तिला दिसावं, एवढाच हेतू होता. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. मॅच सुरू झाली आणि तिचा मेसेज आला, 'ते बसलेत की गं वर.'

मी कॅमेऱ्याच्या पडद्यात बघितलं. खरंच, फ्रेमच्या अगदी वरच्या कडेला तुम्ही होतात. केशरी शाल तेवढी दिसत होती, चेहरा अर्धा कापलेला. मी कॅमेरा थोडा वर उचलला.

त्या दिवशी आई जेवली. आपल्याकडे सकाळ होती, तिने भाकरी टाकली, फोन डब्याला टेकवून ठेवला आणि तुमच्यासमोर बसून खाल्ली. तेव्हापासून इथल्या मैदानावरच्या प्रत्येक मॅचला हेच. पाऊस आला की विचारायची, 'त्यांच्या डोक्यावर काही घातलं का?' वादळात पुठ्ठे आत नेले तर, 'कुठं ठेवलंय?' मी म्हणायची, गोलच्या जाळ्यांपाशी. 'मग बरं आहे, तिथं करमेल त्यांना.' टीम दुसऱ्या गावी खेळायला गेली की तिचा चेहरा उतरायचा. घरी विचारायला आलेल्यांना ती सांगायला लागली की साहेब जपानला गेलेत. आधी मला वाटलं, चेष्टा करतेय. आंटी म्हणाल्या, चेष्टा नाही.

मी घाबरले, पप्पा. पण कॅमेरा खाली घेतला नाही. कशी घेणार? तेवढ्याच एका दिवशी तिच्या पोटात अन्न जात होतं.

फ्रेम वर उचलली की माझ्या बाजूची साईडलाईन कापली जायची. कोचना आमचा लेफ्ट बॅक निम्मा वेळ दिसायचाच नाही. त्यांनी एकदा विचारलं, 'कॅमेऱ्याच्या स्टँडचा स्क्रू ढिला झालाय का?' मी हो म्हटलं. ते पडद्यातल्या केशरी शालीकडे बघत राहिले. त्यांना ठाऊक होतं, माझे वडील गेलेत. तुमचा फोटो मी पाठवलाय हेही ठाऊक होतं. म्हणाले, 'पुढच्या मॅचला नीट करून घ्या.' मला वाटलं, संपलं आता सगळं.

पुढच्या मॅचला मी वर जाऊन कॅमेरा सरळ लावला आणि तुमच्या खुर्चीकडे बघायची हिंमत होईना. तेवढ्यात आईचा मेसेज. 'आज पुढं बसवलंय त्यांना. ओळख झाली वाटतं तिथं.' तुम्ही पहिल्या रांगेत होतात, अगदी मधल्या रेषेसमोर. सरळ फ्रेममध्ये पूर्ण. कुणी हलवलं ते मी विचारलं नाही. कोच नुसती मान हलवून पुढं गेले.

असे दिवस काढले आम्ही. सीझन उशिरा सुरू झाला म्हणून डिसेंबरपर्यंत लांबला. लोक दमले, पोरांचे पाय भरून आले, सगळ्यांना कधी एकदा संपतं असं झालं होतं. मी एकटीच मनात म्हणत होते, संपू नको, अजून एक मॅच दे.

आज शेवटची होती. आम्ही हरलो. नववे आलो की दहावे, बघितलंही नाही. शिट्टी वाजली की कॅमेरा बंद करायचा, असं मी आधीच ठरवून ठेवलं होतं, कारण मॅचनंतर सगळे पुठ्ठे काढणार होते. आईला फोनवरच ठेवलं होतं. म्हटलं, 'आई, संपली मॅच. बंद करते.'

'नक्को. बंद करू नको.'

'आता काही नाही गं बघायला.'

'त्यांना न्यायला येतील ना माणसं? मला बघू दे. तेव्हा बघू दिलं नाही कुणी. आता तरी बघू दे.'

मी कॅमेरा चालूच ठेवला. म्हणजे तिला सगळं कळत होतं, पप्पा. जपान, ओळख, करमणं, सगळं बोलत होती आणि सगळं कळत होतं. ती याच दिवसाची वाट बघत होती की याच दिवसाला भीत होती? मला अजून कळलेलं नाही.

मास्क आणि हातमोजे घातलेली दोन माणसं आली. आजीबाईला काढलं, कुत्र्याला काढलं. ढकलगाडीवर एकावर एक रचत निघाले. तुमच्यापाशी आले, दोऱ्या सोडल्या आणि तुम्हाला पालथं ठेवलं. आई इतक्या हळू बोलली की मला फोन कानाला दाबावा लागला. 'तोंड वर करा म्हणावं.'

मी जिन्यावरून पळत सुटले. मैदानाला वळसा घालून गाडीपाशी पोचले आणि तुमच्याकडे बोट केलं. त्या माणसांनी काही न विचारता तुम्हाला उचलून माझ्या हातात दिलं आणि मागं सरून मान लववून उभे राहिले. किती हलके झाला होतात तुम्ही. मी तुम्हाला खुर्चीला टेकवलं आणि व्हिडिओ लावला. आई फोनच्या इतकी जवळ आली होती की मला तिचे नुसते डोळे दिसत होते.

'पायाला हात लाव त्यांच्या. माझ्याकडनं.'

मी खाली बघितलं. 'आई, पाय नाहीत गं यांना. कमरेपर्यंतच आहेत.'

ती म्हणाली, 'मग कपाळाला लाव. ताप उतरला का बघ.'

मी हात लावला. समुद्रावरचा वारा सुटला होता, पुठ्ठा नुसता थंडगार. मी म्हटलं, 'उतरला, आई. गार आहेत.'

तेव्हा ती रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. कशी रडली ते तुम्हाला सांगवत नाही. रडता रडताच म्हणाली, 'तू आलीस की जलदान घालू.' आणि फोन बंद केला. मी लावत राहिले, लागला नाही. आंटींना भिंतीवरून बघायला सांगितलं. म्हणाल्या, घरातच आहे, पंख्याखाली पडून आहे, दार उघडं आहे. डबा तसाच आहे.

माझी काय चूक झाली सांगा. मी 'गार आहेत' म्हणायला नको होतं का? अजून तापच आहे म्हटलं असतं तर ती आणखी एक वर्ष तुमच्यासमोर बसून जेवली असती का? विमानं आता अधूनमधून सुटतात, मी सगळीकडे नाव घातलंय, पण कधी मिळेल ते कुणी सांगत नाही. तोवर ती काय खाणार? तुम्ही तर सुटलात. तुम्हाला राग आला तरी येऊ दे, मी बोलणार. दोघांनी मिळून करायचं काम तुम्ही माझ्या एकटीच्या गळ्यात टाकून गेलात.

माझ्या खोलीत, भिंतीला टेकून तुम्ही बसला आहात आणि अर्धे हसताय. विमान मिळालं की मी एकटीच निघणार, तुम्हाला आणणार नाही. आईने तुम्हाला जाताना बघितलंय, आता परत तिच्यासमोर उभं करणं बरं नाही. इथल्या देवळात जुन्या बाहुल्या मंत्र म्हणून जाळतात, तिथं मी तुम्हाला माझ्या हाताने पोचवेन. मौलाअलीला जाऊन आईच्या शेजारी बसेन, आणि जलदान आम्ही दोघी मिळून घालू.

आणि पुढच्या रविवारी मॅच नसली तरी मी ग्राउंडवर जाईन. मैदान सांभाळणाऱ्या काकांना हात जोडेन, ते कुलूप उघडतील. कॅमेरा सरळ लावेन, डबा घेऊन पहिल्या रांगेत मधल्या रेषेसमोर बसेन, आणि आईला लिंक पाठवेन. तिने उघडली नाही तरी बसेन. तिने भाकरी मोडून पहिला घास घेईपर्यंत मी तिथून उठणार नाही, पप्पा.

तुमची कॅमेरेवाली,
सुजाता