अणूसाठी गेलो आणि आपली विहीर सांगून आलो

मु. वीज कामगार वसाहत,
दि. १० एप्रिल

वडिलांच्या जागी असलेले, पण वडिलांपेक्षा ज्यांचा धाक मला जास्त वाटतो असे व्याही राधाकिशनराव यांस त्रिंबकचा दोन्ही हात जोडून, मान खाली घालून नमस्कार. आपली तब्येत बरी असेल. विहीणबाईंचे गुडघे, जावईबापूंचा खोकला आणि आपल्या दोन्ही म्हशी ठीक असतील अशी आशा करतो. आमच्याकडे सर्व कुशल आहे. (हे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मला तीन रात्री झोप नाही.) फोन असताना पत्र का, असं आपल्या मनात येईल. फोनवर आपला आवाज ऐकू येतो, हे त्याचं एकमेव कारण आहे. आमच्या शिवकन्येच्या लग्नात आपण पंगतीत नुसतं “भात जरा गार हाय” म्हणालात, त्याला चार वर्षं झाली. आजही मी घरी भाताला आधी बोट लावून बघतो.

आमचं कोळशावरचं वीज केंद्र पाण्यावाचून बंद आहे हे आपण जाणताच. धरणात चिखल, चिखलात भेगा. संच एकामागून एक थंड झाले आणि रोज सकाळी नोटीस बोर्डावर बदल्यांची यादी लागू लागली. कोणी चंद्रपूरला, कोणी कोराडीला. मी ती यादी खालून वर वाचतो, म्हणजे माझं नाव यायला जरा उशीर होतो. अशा वेळी आमच्या युनियनचे अध्यक्ष सुंदरराव यांच्या हाती अणुविजेचं एक पुस्तक लागलं. त्यांनी ते अर्धं वाचलं आणि तातडीची सभा बोलावली. कोळसा नको, राख नको, धूर नको, कामगार मात्र भरपूर लागतात. तेव्हा युनियनचा अणुविजेला जाहीर पाठिंबा, आणि देशातलं पुढचं अणुकेंद्र बीड जिल्ह्यातच व्हावं यासाठी मंत्रालयात शिष्टमंडळ, असा ठराव त्यांनी मांडला. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, “अनुमोदक?”

आपण दूध सोसायटीचे चेअरमन. ठराव कसा होतो हे आपल्याला मी काय सांगावं? सूचक कोणीतरी शहाणा असतो आणि अनुमोदक ठरलेला असतो. आमच्या युनियनमध्ये, कामगार पतसंस्थेत आणि ग्राहक भांडारात बावीस वर्षं तो अनुमोदक मी आहे. सभेत “अनुमोदक?” म्हटल्यावर जी शांतता पडते ती मला सोसत नाही. छातीत धडधडतं, तळहाताला घाम येतो आणि हात आपोआप वर जातो. (भांडाराचं नाव बदलण्याच्या ठरावाला मी अनुमोदन दिलं आणि त्याच सभेत ते न बदलण्याच्या ठरावालाही.) तसा तो याही वेळी गेला. घरी आल्यावर आमच्या मंडळींनी, सावित्रीबाईंनी, विचारलं, “मिक्सरचं बटन दाबायला तुमाला भ्या वाटतं, आन् अणू कावून आणताव?” खरं तर मलाही अणूची लई भीती वाटते. राख निदान दोरीवरच्या कपड्यांवर दिसते. अणू दिसत नाही, वास येत नाही, आणि सुंदररावांनी पुस्तक अर्धंच वाचलेलं.

शिष्टमंडळात सूचक आणि अनुमोदक दोघांनी जायचं असतं. त्यामुळे मंगळवारी मी मंत्रालयात, एका थंडगार खोलीत, घामाघूम होऊन बसलो होतो. समोर वीज खात्याचे मोठे साहेब आणि त्यांच्या शेजारी एक वही घेतलेले बारीक साहेब. सुंदरराव वीस मिनिटं बोलले. अणुवीज म्हणजे कामगारांचं भविष्य, आमचे फिटर आठ दिवसांत अणू शिकतील, जिल्ह्यात माळरान हवं तेवढं आहे, सगळं झालं. मोठ्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमचं केंद्र पाणी नाही म्हणून बंद पडलं ना? मग अणुकेंद्राला त्याहून जास्त पाणी लागतं, ते कुठून आणणार?

राधाकिशनराव, ते पान पुस्तकाच्या दुसऱ्या अर्ध्यात असावं. सुंदररावांनी समोरचा ग्लास उचलला, बघितला आणि खाली ठेवला. खोलीत शांतता पडली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येऊ लागला. माझ्या छातीत धडधडलं, तळहाताला घाम आला, आणि मी म्हणालो, “साहेब, आमच्या व्याह्यांच्या विहिरीला आज घडीला चार परस, म्हंजी चार माणूस उंच पाणी हाय.”

मोठे साहेब हसले. चार परस पाण्यात अणुकेंद्राचा एक नळही चालत नाही, असं म्हणून त्यांनी आमचा अर्ज फायलीत घातला आणि विषय संपला. पण बारीक साहेब हसले नाहीत. ते टंचाई विभागाचे निघाले. त्यांनी वही उघडली आणि गाव विचारलं. मी धर्मापुरी सांगितलं. त्यांनी गट नंबर विचारला. मी तोही सांगितला. (सोयरीक जुळवताना आपला सातबारा काढून बघितला होता, तेव्हापासून पाठ आहे. आपणही माझ्या पगाराची चौकशी ऑफिसात येऊन केली होतीत, तेव्हा फिटंफाट समजावी.) एप्रिलात पाणी असलेली विहीर टँकरसाठी ताब्यात घेता येते, असं ते मला मोठ्या प्रेमाने म्हणाले. येत्या गुरुवारी तहसीलचे लोक आपल्याकडे येत आहेत.

आपण ती विहीर पत्र्यांनी झाकून वर कडबा का रचला आहे, हे मला कळतं. तीनशे मोसंबीची झाडं आपण लेकरांसारखी वाढवली आहेत. म्हणून कळकळीची विनंती, की गुरुवारच्या आत मोटार काढून घरात ठेवावी, पाइप गुंडाळावा, कडबा अजून दोन हात चढवावा आणि साहेब आले की त्रिंबक मुळातच डोक्याने कमी आहे असं सांगावं. मी कुठेही तशी सही करून देतो.

आपला, अजून तरी व्याही,
त्रिंबक

ता. क. यात शिवकन्येचा काही दोष नाही. शिमग्याला आलो तेव्हा तिने मला अंघोळीला दोन बादल्या पाणी दिलं. दुष्काळात दोन बादल्या बघून मीच तिला खोदून खोदून विचारलं. झाकलेल्या विहिरीचं सांगून ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “नाना, कुनाला बोलू नका, मामंजींनी शपथ घातलीय.” तिला बोलू नका, माहेरी पाठवू नका. आम्हाला एकच लेक आहे. मला अणूची, बदलीची, साहेबांची सगळ्यांची भीती वाटते, पण माझ्या तोंडामुळे तिला तुमच्या घरात मान खाली घालावी लागेल, या भीतीपुढे बाकीच्या काहीच नाहीत. शिक्षा काय ती मला करावी.

ता. क. दुसरा, दि. ११. काल पोस्ट बंद होतं, म्हणून पाकीट घरीच राहिलं. आज पतसंस्थेच्या खोलीत युनियनची सभा झाली. वसाहतीत नऊ दिवस टँकर नाही. टँकरवाला म्हणतो, भरायला जवळपास विहीरच नाही. सावित्रीबाई आणि वसाहतीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन दारातच बसल्या होत्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. कोणी काही बोलेना. तुम्हाला एव्हाना कळलंच असेल की शांतता मला सोसत नाही.

मी उभा राहिलो आणि ठराव मांडला. राधाकिशनरावांनी तहसीलने घेण्याआधी स्वतःच विहीर खुली करावी, अर्धं पाणी धर्मापुरीला आणि वसाहतीला, अर्धं त्यांच्या मोसंबीला. आमच्याकडे चाळीस फिटर रिकामे बसून आहेत. मोटार, पाइप, झाडांच्या मुळाशी ठिबक, रांगेची शिस्त, सगळं युनियन बघेल. तेव्हा मोटार काढली असल्यास पुन्हा बसवावी आणि वर कडब्याबद्दल लिहिलं आहे ते वाचू नये.

सुंदरराव म्हणाले, “अनुमोदक?” सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तर सूचक म्हणून उभा! बावीस वर्षांत दुसऱ्या कोणाला सवयच राहिलेली नाही. एकाचाही हात वर गेला नाही.

म्हणून ठरावाचा कागद सोबत जोडला आहे. सूचक म्हणून आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव लागलं आहे. त्याखालची जागा मी तुमच्यासाठी रिकामी ठेवायला सांगितली. फार काही करावं लागत नाही. भीती हात वर करेपर्यंतच वाटते. नंतरही वाटते, पण तोवर नाव लागलेलं असतं. सही करून कागद शिवकन्येच्या हाती पाठवावा, आणि तिच्याबरोबर एक भरलेली घागर.