टीव्ही दुरुस्तीची न्हाई, शिकवण्याची डिग्री

केदारखेडा

मस्तगडच्या तीर्थरूप सासूबाई साळूबाई यांच्या पायांशी सून नंदाचा नमस्कार पोचावा. इकडं मी आन् तुमचे चिरंजीव मच्छिंद्र खुशाल आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? पाण्याची कळशी घेऊन जिना चढू नका, मामंजींना चढू द्या (त्यांचे गुडघे बराबर आहेत).

पत्राचं कारण म्हणजे आभार. मागच्या खेपेला स्वयंपाकघरात तुम्ही मला म्हणालात, जा औरंगाबादला, शीक. मला लई धीर आला बघा. शैक्षणिक तंत्रज्ञानाची डिग्री म्हणजे चित्रं, टेप, टीव्ही वापरून धडा कसा बसवायचा त्याचं शिक्षण, हे घरात तुम्हाला एकटीलाच समजलं. मामंजींना वाटतं, सून टीव्ही दुरुस्त करत गल्लोगल्ली फिरणार. त्यापेक्षा एम.ए. कर, हेडमास्तरीण हो, असं त्यांचं म्हणणं.

तसं त्यांचं बिलकुल चुकलं असंही न्हाई, कारण गावालाही तेच वाटून राह्यलंय. झालं असं की, आमच्या शाळेला सरकारी टीव्ही आल्ता. हेडमास्तर रखमाजी सरांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला आन् ते पाणी चारी बाजूंनी शिंपडलं, मागच्या जाळीतूनसुद्धा (देवाची पाठ कोरडी ठेवू नये म्हणे). बटण दाबलं तर टीव्ही गप्प. मी तो अंगणातल्या खाटेवर कुरडयांशेजारी वाळत घातला आन् नशिबानं तो चालू झाला. तेव्हापासून मी गावची मेकॅनिक. भुजंगराव पाण्याची मोटर ठेवून गेलेत, हसीनाभाभीचा रेडिओ पडवीत मुक्कामाला आहे.

एवढं करून धड्याच्या वेळेला लाइट जायची. पोरं टीव्हीच्या काचेत बघून भांग पाडायची. मंग मी सेलवरचा टेप काढला. पेरणीपासून भाकरीपर्यंतची ज्वारीची गोष्ट तुम्ही दिवाळीत सांगितली होती, ती त्यात भरलेली होती. ती लावली आन् फळ्यावर चित्रं काढत गेले. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक पोरगी उठून म्हणाली, आमच्या आईला बी टेपात घ्या. सासूबाई, मला तिथंच रडू आलं. मला हेच नीट शिकायचंय. तुमचे उपकार फिटायचे न्हाईत.

तुमची सून,
नंदा

ता.क. उपकार अजून अर्धेच झालेत. तुम्ही मला ‘जा’ म्हणालात ते हळू आवाजात, मामंजी बाहेर गेल्यावर. आता तेच त्यांच्यासमोर म्हणा. फॉर्मची मुदत याच आठवड्यात संपते. तुमच्या चिरंजीवांनी ‘बाबा म्हणतील तसं’ म्हणून अंग काढून घेतलंय.

आणखी ता.क. मामंजी, तुम्हालाही नमस्कार. सासूबाईंना वाचता येत न्हाई, म्हणून घरी आलेलं पत्र तुम्हीच ओट्यावर बसून मोठ्यानं वाचता आन् शेजारच्या अकबरबीही ऐकायला येतात, हे मला ठाऊक आहे. आता त्या दोघी तुमच्या तोंडाकडं बघून राह्यल्या असतील. हो म्हणा.