बत्तीस इंच

हार्लन क्रीक, मिझुरी
९ जानेवारी १९९४

ती. लवॉनताईस, धाकट्या ॲन्सेलचा सा. न. वि. वि.

सव्वीस खुर्च्या, चार होड्या (पैकी एक बुडाली, पण ती चूक गिऱ्हाइकाची), मेथडिस्ट चर्चचं पुढचं दार, आपल्या आईची शवपेटी, लेक नेड्राचा पाळणा, मी राहतो ते घर पायापासून छपरापर्यंत, आणि डॉक्टरांची एकेचाळीस टेबलं. एवढं मी या दोन हातांनी केलं, आणि यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. तू लिहितेस, नववीत शाळा सोडलेल्या माणसाने मेडिकल कॉलेजच्या निवडीत नाक खुपसू नये. म्हणून ही यादी दिली. सांभाळून ठेव.

तर बातमी खरी आहे. नेड्राला दोन्हीकडून होकार आला. तुमच्या शहरातलं एम. डी.चं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकीचं, कॉलेज एक, आणि उत्तरेकडचं डी. ओ.चं, म्हणजे ऑस्टिओपॅथीचं, दुसरं. डी. ओ.वाल्यांना पंधरा मार्चच्या आत उत्तर हवंय आणि जागा धरायचे पैसेही, जे परत मिळत नाहीत. पोरगी कोलंबियात होस्टेलवर बसून विचार करतेय. आम्ही इथे तिच्याहून जास्त करतोय.

तू डी. ओ.ला हाडं मोडणारे म्हणतेस. ताई, औषध ते देतात, शस्त्रक्रिया ते करतात, परवाना तोच. वर त्यांना हातांनी माणूस तपासायला शिकवतात, एवढाच फरक. मी कोठाराच्या छपरावरून पडलो तेव्हा आपल्या डॉ. ॲम्ब्लरनी, तेही डी. ओ.च, आधी वीस मिनिटं माझ्या पाठीवर नुसते हात ठेवले होते, मग गोळी लिहून दिली. त्यांच्यासाठीच मी रोग्याला निजवून तपासायचं पहिलं टेबल केलं, त्यांच्या मापाने, बत्तीस इंच उंच. पुढची चाळीस त्याच मापाची. अठरा तर त्या कॉलेजातच आहेत. ॲम्ब्लर गेल्यापासून सहा वर्षं गावाला डॉक्टर नाही, हे तुला माहीत आहेच.

तुझे ते डॉ. क्विस्ट, ज्यांचं नाव घेतल्याशिवाय तुझं एक पत्र संपत नाही, त्यांच्या कोटावर नावापुढे कोणती दोन अक्षरं आहेत ते एकदा बघून कळव. मी तपशील विचारणारा माणूस आहे.

लोभ असावा, भांडण झालं तरी.
ॲन्सेल


सेंट लुइस
२० जानेवारी १९९४

चि. ॲन्सेलला अनेक आशीर्वाद, एका अटीवर.

बुडालेल्या होडीत मी बसले होते, गिऱ्हाईक नव्हे. यादीत दुरुस्ती कर.

मी एकतीस वर्षं नर्स आहे. मला तुझ्या टेबलांबद्दल आदर आहे आणि डॉ. ॲम्ब्लरांबद्दल माया, माझं गळ्यातलं गळू त्यांनीच कापलं होतं. पण नेड्रा गावची पहिली पोर, जिला असं पत्र आलं. ती जन्मभर पार्टीत, बँकेत, सासरी समजावत बसणार का, की डी. ओ. म्हणजे काय, हो मी खरी डॉक्टर आहे, हो मला गोळ्या लिहिता येतात? सरळ रस्ता समोर असताना पोरीला कुंपणावरून उडी मारायला का लावायची? तुला ती तिकडे हवी आहे, कारण तिथे तुझी टेबलं आहेत. कबूल कर, मी कुणाला सांगणार नाही.

डॉ. क्विस्टांबद्दल तू बोलूच नकोस. मागच्या आठवड्यात चार नंबरच्या बाईचं दुखणं तिघांना कळेना. हे आले, खुर्ची ओढून बसले, तिच्या बरगड्यांवर हात फिरवला आणि दहा मिनिटांत सांगितलं कुठला फोटो काढायचा ते. त्याला म्हणतात एम. डी.चं शिक्षण. नेड्राला मी त्यांच्यासारखी झालेली बघणार आहे.

तुझ्या मार्व्हाला सांग, जर्दाळूचा मुरांबा पोचला. एक बरणी फुटली, ती मी चाटून खाल्ली. लोभ आहेच, तो तुझ्या वागण्यावर अवलंबून नाही.

तुझी मोठी बहीण,
लवॉन


कोलंबिया, मिझुरी
२७ फेब्रुवारी १९९४

ती. बाबांस नेड्राचा सा. न. वि. वि. आईलाही.

दोन्ही कॉलेजं पुन्हा जाऊन पाहिली. आधी सांगते: काय करायचं ते अजून कळवणार नाही, आणि तुम्ही सल्ला लिहू नका. आत्यालाही हेच लिहिलंय.

शहरातलं कॉलेज सुंदर आहे. प्रयोगशाळा इतक्या मोठ्या, की मी एकदा बाहेर यायची वाट चुकले. तिथल्या प्राध्यापकांनी विचारलं, पुढे काय करणार. मी सांगितलं, गावी जाऊन ॲम्ब्लरांचा बंद पडलेला दवाखाना उघडणार. ते हसले नाहीत, चांगले गृहस्थ आहेत. फक्त म्हणाले, चार वर्षांत तुझं मत बदलेल. बाबा, मला भीती वाटली ती हीच, की तिथे राहिले तर खरंच बदलेल.

मग उत्तरेकडे गेले. तिथे वर्गात मुलं एकमेकांवरच सराव करतात. डॉ. यॉडर नावाच्या म्हाताऱ्या बाई शिकवतात. त्यांनी माझा हात धरून एका मुलाच्या पाठीवर ठेवला आणि विचारलं, “काय जाणवतं?” मी बराच वेळ प्रयत्न केला. सगळे बघत होते. शेवटी म्हटलं, काही नाही. बाई म्हणाल्या, “छान. पहिल्या दिवशी बहुतेक जण खोटं सांगतात. तुला शिकवता येईल.”

टेबलाच्या कडेखाली बोटं गेली तेव्हा तुम्ही डागलेला टेबलाचा नंबर हाताला लागला. सतरा. मी कुणाला सांगितलं नाही, कारण त्याच वेळी दुसरी गोष्ट दिसली. आता रागावू नका. तुमच्या टेबलांपाशी निम्मा वर्ग दुधाच्या पालथ्या क्रेटवर उभा असतो. आता वर्गात निम्म्या मुली आहेत, आणि डॉ. यॉडर स्वतः क्रेटवर उभ्या राहून शिकवतात. एक मुलगी क्रेटवरून घसरून मनगट मुरगळून बसली. तिला मी विचारलं, ही टेबलं कुणी केली. ती म्हणाली, कुणीतरी सहा फुटी माणसाने, आणि त्याची बायको बहुतेक बोलत नसावी.

आईला हे वाचून दाखवा. प्रेम आहे, म्हणूनच लिहिलं.
नेड्रा


हार्लन क्रीक
६ मार्च १९९४

चि. नेड्रास, बाबांचे आशीर्वाद.

तुझ्या पत्राला दोन पानी उत्तर लिहिलं होतं. त्यात कातीव पायांची मजबुती, ओकचा दर्जा आणि त्या मुलीचं वळण यांवर मजकूर होता. तुझ्या आईने वाचलं आणि विचारलं, हे पाठवणार की चुलीत घालणार. मग तिनेच घातलं.

त्यानंतर तिला भिंतीला टेकून उभं केलं, हात सैल सोडायला सांगितले आणि जमिनीपासून तिच्या मुठीच्या उंचवट्यापर्यंत माप घेतलं. सव्वीस इंच आणि वर तीन अष्टमांश. तुझंही तेच येणार, तुझी उंची तिच्याएवढी. डॉ. ॲम्ब्लर सहा फूट तीन इंच होते. त्यांचं बत्तीस आलं, आणि मी ते बायबलात लिहिल्यासारखं धरून बसलो. एकेचाळीस टेबलं केली, एकाही टेबलाचा सांधा आजवर हलला नाही, आणि वापरणार कोण हे मी एकदाही विचारलं नाही. सांध्याकडे बघणाऱ्याला माणूस दिसला नाही. ही चूक माझी, गिऱ्हाइकाची नाही. होडीचंही तसंच होतं, पण ते आत्याला सांगू नकोस.

बेचाळिसावं टेबल करायला घेतलंय. पोकळ पायाच्या आत दुसरा पाय सरकतो, इंचाइंचावर भोक, आणि अंगठ्याएवढी ओकची खुंटी. चोवीसपासून तेहतीसपर्यंत कुठेही थांबवा. तुझी आई, मी, आणि शेजारचा साडेसहा फुटी ड्वेन, तिघांनी तपासलं. ड्वेन त्यावर झोपला तो उठेना.

सल्ला देणार नाही. सुतार ओठांत खिळे धरून काम करतो, तसे धरलेत. पंधरा तारखेपर्यंत बोलता येणार नाही. तू कुठल्याही कॉलेजात जा, हे टेबल तुझंच आहे. शहरात गेलीस तर त्यावर पुस्तकं ठेव.

बाबा


सेंट लुइस
१६ मार्च १९९४

चि. ॲन्सेलला आशीर्वाद, आज विनाअट.

बस आणि वाच. नेड्राने परवा उत्तर आणि पैसे पाठवले. डी. ओ.लाच. तिने तुझ्याआधी मला लिहिलं, कारण तिला तुझी नाही, माझी धास्ती होती. पत्र चार ओळींचं होतं. तिला तिथे जायचंय जिथे काही कळत नाही असं म्हणता येतं, आणि जिथून गावी परत यायला कुणी अडवणार नाही.

मी चिडले, आणि मग एक काम केलं जे तुला सांगितल्यावाचून सुटका नाही. डॉ. क्विस्टांना गाठलं आणि विनवलं, आमच्या भाचीला दोन ओळी लिहा, पैसे गेले तर जाऊ देत, पण एम. डी. कर म्हणून समजवा. त्यांनी चष्मा काढला. मग कोटाच्या खिशातली सगळी पेनं एकेक करून काढली, माझ्या हातात दिली, आणि खिसा माझ्यापुढे धरला. पेनांच्या आड निळ्या दोऱ्याने भरलेलं नाव होतं. नावापुढे डी. ओ.

ॲन्सेल, अकरा वर्षं. रोज त्यांची सही बघते. ती सही कोंबडी पानावर चालून गेल्यासारखी, तिच्यात अक्षरं कोण शोधणार. मी खाली बसले. ते म्हणाले, “लवॉन, कालपर्यंत मी कसा डॉक्टर होतो?” मी म्हटलं, या इस्पितळातला सगळ्यात चांगला. ते म्हणाले, मग भाचीला तेच लिहितो. लिहिलंयही, सोबत आहे. आणि त्या चार नंबरच्या बाईच्या बरगड्या त्यांना कुठल्या शाळेत शिकवल्या, ते आता मला कुणी सांगायला नको.

सगळ्या वॉर्डला हे कळलंय. मुली मला बघितलं की खिशावरची पेनं बाजूला करतात. तू एक महिना हसून घे, मग पुरे.

तुझी (यावेळी लहान झालेली) मोठी बहीण,
लवॉन


हार्लन क्रीक
२१ ऑगस्ट १९९४

ती. लवॉनताईस सा. न. वि. वि.

पाच महिने हसलो. आता पुरे म्हणतेस तर पुरे.

नेड्राला कॉलेजात सोडून आलो. बेचाळीस नंबरचं टेबल गाडीवर बांधून नेलं. वर्गात उतरवलं तेव्हा डॉ. यॉडर आल्या, चार फूट अकरा इंच. क्रेट पायाने बाजूला सारलं, खुंट्या काढल्या, टेबल पंचवीसवर आणलं, आणि दोन्ही हात त्यावर टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, एकोणतीस वर्षं शिकवतेय, आज पहिल्यांदा जमिनीवरून. मी खिडकीबाहेर बघत होतो, तिथे काही नव्हतं.

दुपारपर्यंत सगळा वर्ग टेबलाभोवती. मनगट मुरगळलेली ती मुलगीही होती. नेड्राने माझी ओळख करून दिली: हे माझे बाबा, सहा फुटी नाहीत, आणि आईशी त्यांचं चांगलं बोलणं आहे. पोरगी कानापर्यंत लाल झाली. मी तिला तिचं माप विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. आता आधी तेच विचारतो.

कॉलेजने जुन्या अठरा टेबलांचे पाय बदलायला सांगितलेत आणि वीस नवी. ॲम्ब्लरांच्या दवाखान्याची किल्ली त्यांच्या मुलीने माझ्याकडे दिलीय. आतलं पहिलं टेबल, नंबर एक, मी अजून बत्तीस इंचांवरच ठेवलंय. त्याचे पाय सात वर्षांनी कापू की खुंटीचे बसवू, ते तिथे काम करणारी डॉक्टर ठरवेल. चार वर्षं कॉलेजची आणि तीन इस्पितळातली, सात वर्षं, ताई. मग हार्लन क्रीकला डॉक्टर असेल, आणि तिच्या पाटीवरची दोन अक्षरं मी स्वतः कोरणार, पेनांच्या आड जाणार नाहीत एवढी मोठी.

तुझ्या घरची खुशाली कळव. डॉ. क्विस्टांना माझा नमस्कार. त्यांचंही माप पाठव. लोभ आहे तेवढा पुरतो, तरी वाढला तर जागा आहे.

तुझा भाऊ,
ॲन्सेल

ता. क. इलिनॉयच्या एका कंपनीने माझ्या खुंटीच्या पायांची रचना विकत मागितली होती. लोखंडी नळीचे करून त्यांच्या नावाने विकणार, आणि अट अशी की यापुढे मी स्वतः असं एकही टेबल करायचं नाही, लेकीसाठीसुद्धा नाही. मी नाही म्हणून कळवलं, दोन ओळींत, शाईने. तू हे वॉर्डात सांगणार आणि आकडा चुकवणार, म्हणून लिहून देतो: एकसष्ट हजार पाचशे डॉलर.