वरून चौथं नाव

॥ श्री ॥

निर्मळ,
गुरुवार, ता. १२ मे १९५५

चि. मंदास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. आईचा गुडघा आहे तसाच आहे, जीभ मात्र ठणठणीत आहे. नलूला इथल्या वेलची केळ्यांची अशी चटक लागली आहे की अहमदाबादेला परत जाताना डब्यात तिच्याशेजारी एक घडही बसवावा लागेल. बाबांनी विहिरीवर इंजिन बसवलंय. ते दिवसभर धडधडतं आणि आई म्हणते, यापेक्षा रहाट बरा होता, निदान माणसाचं बोलणं ऐकू यायचं.

तू म्हणशील, ताईचं डोकं फिरलं. निर्मळहून आगाशी ती काय, तीन मैल. परवाच तर येऊन गेले, मग आज पत्र कसलं? मंदे, आठ दिवसांत तीनदा तुझ्याकडे आले. तिन्ही वेळा सांगायचं ठरवून आले आणि तिन्ही वेळा तुझ्या हातचं पन्हं पिऊन परत गेले. तोंडाने होत नाही म्हणून आता हाताने करतेय.

परवा तुझ्या सासूबाईंनी देवघरातला तो फोटो काढून माझ्या पुढ्यात धरला. "बाय, नाव कुठं गं? मना काय दिसत नाय. त्याची ती काळी पट्टी असते ना, ती आण. विरारच्या फोटोवाल्याकडनं मोठा करून घेऊ, मी नुसतं बोट फिरवीन नावावर." मी तुझ्याकडे पाहिलं. तू आत निघून गेलीस. मी म्हटलं, हो, आणते निगेटिव्हची पट्टी. आता पट्टी काढायची तर सगळंच काढावं लागणार.

सुरुवातीपासून लिहिते, म्हणजे मधूनच पळवाट काढता येणार नाही.

चव्वेचाळीसच्या दिवाळीआधी तार आली तेव्हा तू वीस वर्षांची होतीस. नरहरीराव इटलीच्या लढाईत बेपत्ता. मागाहून सरकारने कळवलं, गेले असं धरून चाला. तुझ्या सासूबाई सावित्रीबाई म्हणाल्या, सरकारला धरायचं ते धरू दे, मी नाही धरणार. मग भटजींनी शास्त्र सांगितलं. ज्याचा पत्ता नाही त्याची बारा वर्षं वाट बघायची, त्यानंतर पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, आणि तोवर बायको सवाष्ण. म्हणजे छपन्नच्या दिवाळीपर्यंत तुझं कुंकू तुझं होतं.

गेल्या वर्षी आम्ही विलायतेहून परत निघालो. बोट इटलीतून होती, म्हणून बोटीआधी चार दिवस फ्लॉरेन्स बघायचं ठरवलं. ते कळवल्यावर तुझं पत्र आलं. तुमच्या वाडीत इंजिन दुरुस्त करायला येतो तो जेम्स लढाईत तिकडेच होता. त्याने तुला सांगितलं होतं की त्या शहरापासून बसने दीडेक तासावर आपल्या हिंदी सैनिकांचं स्मारक आहे आणि भिंतीवर नावं कोरली आहेत. तू लिहिलं होतंस, "ताई, नाव आहे का तेवढं बघ. असलं तर फोटो काढ. नसलं तर तसं सांग." ते पत्र मी पर्समध्ये ठेवलं होतं. अजून आहे.

फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं, हे तुला ठाऊक आहेच. ह्यांच्या हातून माणसांची डोकी कापली जातात. आठ फोटोंचे तीन रोल घेऊन ठेवले होते. पहिले दोन दिवस पावसाने नुसती झिमझिम लावली. मोठ्या घुमटाचे दोन काढले, सोनारांची दुकानं असलेल्या त्या जुन्या पुलाचे तीन. तिसरा दिवस स्मारकासाठी राखून ठेवला होता, आणि नेमकं त्या दिवशी लख्ख ऊन पडलं. हे म्हणाले, आज टेकडीवर जाऊ, वरून सगळं शहर दिसतं.

हे बघ, लिहिता लिहिताही मी ह्यांच्यावर ढकलतेय. वर्षभर स्वतःला असंच सांगत आलेय. खरं असं की हे बूट घालून, बसची वेळ कागदावर टिपून, दारात उभे होते. मी खिडकीतून ते ऊन पाहिलं आणि मीच म्हटलं, "आज टेकडीवर जाऊ. तिकडे उद्या." हे म्हणाले, "अगं, उद्या दुपारी गाडी आहे." मी म्हटलं, "बघू."

उद्या जमणार नाही हे म्हणतानाच मला माहीत होतं.

का म्हटलं, ते सांगायला मला लाज वाटते. मला त्या दिवशी रडायचं नव्हतं. तुझं दुःख दहा वर्षं मी पदराला गाठ मारून हिंडवलं होतं. मँचेस्टरला पहिलं बर्फ पडलं तर वाटलं, मंदाने हे पाहिलं नाही. निळा कोट घेतला तर आठवडाभर अंगात घालवेना. त्या सकाळी वाटलं, एक दिवस, फक्त एक दिवस, मला कुणाची बहीण असायचं नाही. टेकडीवर मी अठरा फोटो काढले. नलू कबुतरांत, हे टोपी धरून, खाली नदी. त्यातले चार नुसते माझे, निळ्या कोटातले. इतकी हसले आहे त्यांत की ते मी तुला कधी दाखवले नाहीत.

रोलमध्ये एक फोटो उरला होता. चौथ्या दिवशी सकाळी हे हॉटेलचा हिशेब करत होते, तेव्हा मी नलूला घेऊन कोपऱ्यावर पाव आणायला गेले. त्या गल्लीत एका भिंतीवर संगमरवरी पाटी होती. बारीक अक्षरांत पंधरा-वीस नावं, खाली सुकलेलं पुष्पचक्र. त्यांच्याच गावच्या माणसांची असणार, लढाईत गेलेल्यांची. मी पुढच्या दुकानातून तीन फुलं घेतली, पाटीखाली ठेवली, नलूला बाजूला उभं केलं आणि मुद्दाम लांबून फोटो काढला, नावं वाचता येऊ नयेत म्हणून. मागे वळले तर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बाई उभी होती. तिने फुलं पाहिली, माझं कुंकू पाहिलं, आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन किती तरी वेळ काहीबाही बोलत राहिली. तिला वाटलं, ही परदेशातली बाई आपल्या लेकाला फूल वाहून गेली. मी मान हलवली. दुसऱ्या आईचा दगड मी तुझ्या सासूबाईंसाठी चोरला, मंदे, आणि तिने वर माझे आभार मानले.

बोटीवरून उतरून दोन दिवस निर्मळला आले, तेव्हा तू काही विचारलं नाहीस, नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. मी म्हटलं, "नाव आहे गं. फोटो धुऊन आले की पाठवते." आणि अहमदाबादेहून पाठवताना मागे लिहिलं, "वरून चौथं." का चौथं, कोण जाणे. खोटं बोलणाऱ्याला आकडा फार लवकर सुचतो.

मला वाटलं होतं, सावित्रीबाईंच्या जिवाला शांती मिळेल आणि विषय तिथेच मिटेल. तुझे चुलत सासरे हरिभाऊ त्या फोटोवरून भटजींना जाऊन विचारतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. भाद्रपदात त्यांचं पत्र आलं. दगडावर नाव मिळालं, म्हणजे माणूस बेपत्ता राहिला नाही, आता बाराव्या वर्षापर्यंत थांबायचं कारण नाही, विधी उरकून घेतो, यावे. तार ऑफिस आमच्या घरासमोर आहे. रस्ता ओलांडून दोन शब्द पाठवले असते तरी पुरलं असतं. मी कळवलं की नलूला ताप आहे, येता येत नाही. नलूला ताप नव्हता. ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती.

नरहरीराव गेले असतील. सगळे तेच म्हणतात आणि बहुतेक तेच खरं असेल. पण ते कळायच्या आधी मी तुला विधवा केलं. तुझं मोकळं कपाळ पहिल्यांदा पाहिलं या खेपेला, आणि तू मला विचारत होतीस, ताई, पन्ह्यात गूळ कमी पडला का?

काल रात्री ह्यांना सगळं सांगितलं. त्यांना वाटत होतं, आपण तिकडे गेलोच नाही हे मी तुला तेव्हाच कळवलंय. हरिभाऊंचं पत्र मी त्यांना दाखवलं नव्हतं. मग म्हणाले, त्या स्मारकाची व्यवस्था पाहणारी कचेरी आहे, तिला लिहितो, महिन्या-दोन महिन्यांत नक्की काय ते कळेल. मी म्हटलं, मंदाला विचारल्याशिवाय लिहू नका.

चांदीपची कृष्णाबाई उद्या तांदूळ घेऊन आगाशीला यायची आहे, तिच्या हाती हे पाठवते. ती म्हणते, "भिऊ नको बाय, केलीच्या पानात बांधून नेते, कागदाला पानी लागनार नाय." लागलं असतं तर बरं, असं क्षणभर मनात आलं. इतकी मी अजून भित्री आहे.

क्षमा माग असं मन सांगतंय, पण ते तोंड मला राहिलं नाही. सावित्रीबाईंना काय सांगायचं ते तू ठरव. तू म्हणशील ते करीन.

तुझी
प्रमोदिनी


॥ श्री ॥

आगाशी,
शनिवार, ता. १४ मे १९५५

ती. सौ. ताईस मंदाचा नमस्कार.

पत्र पोचलं. कोरडं पोचलं.

तुझा फोटो आला त्याच आठवड्यात जेम्स इंजिनाचा पट्टा बदलायला आला होता. त्याच्या खिशात भिंग असतं. मी त्याला फोटो दाखवला. विहिरीच्या कठड्यावर बसून त्याने एकेक नाव वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. म्हणाला, "वयनी, ह्यात आपला कोन नाय. ही तिथलीच मान्सं." वरून चौथा कोणी ज्योव्हान्नी आहे. आपल्याकडे त्याला जॉन म्हटलं असतं, असं जेम्स म्हणाला. मी म्हटलं, जेम्स, हे तू वाचलं नाहीस. त्याने भिंग खिशात घातलं आणि पट्टा बदलायला लागला. आजवर कुणाला बोललेला नाही.

तेव्हा भाद्रपदात मी विधीला बसले ती सगळं माहीत असून बसले.

तू मला विधवा केलंस म्हणतेस. एवढं मोठेपण घेऊ नकोस. दहा वटपौर्णिमा मी वडाला सूत गुंडाळलं. शेवटी शेवटी काय मागायचं तेच सुचेना. ते जिवंत असोत म्हणावं, तर दहा वर्षांत एक ओळ नाही, म्हणजे त्यांनी मला टाकलं. गेलेले असोत म्हणावं, तर हातात तेच सूत. बायका ओटी भरायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. अजून दोन वर्षं मला नको होती, ताई. हरिभाऊ विधी करू म्हणाले तेव्हा सासूबाई तयार नव्हत्या. मला म्हणाल्या, "तू सांग. तू म्हणशील तसं." आणि मी म्हटलं, "नाव आहे ना. ताईने डोळ्यांनी पाहिलंय."

हे मी म्हटलं. तू तेव्हा अहमदाबादेला होतीस.

मला फोटोचा राग नाही. राग आहे तो त्या उन्हाचा. मी तुला इतकी जड झाले होते हे मला ठाऊक नव्हतं. तू सांगितलंस ते बरं केलंस, पण हा राग लगेच जाणार नाही. जाईल तेव्हा कळवीन.

भाऊजींना कचेरीला लिहू देऊ नकोस. नाव आहे असं उत्तर आलं तर तू सुटशील. मी सुटणार नाही, कारण विधीला बसले तेव्हा ते उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आणि ते स्वतःच उद्या जिवंत दारात येऊन उभे राहिले, तर काय झालं ते त्यांना मी सांगेन. ते काम तुझं नाही.

सासूबाईंना खरं सांगायचं नाही. त्यांनी माझ्या शब्दावर लेकाला अग्नी दिलाय. काळी पट्टी बोटीवर हरवली असं मी त्यांना काल सांगितलं. मग म्हणाल्या, "तिलाच बोलाव. तिनं बघितलंय. मना वाचून दाखव म्हण."

सोमवारी सकाळी ये. देवघरासमोर त्यांच्या शेजारी बस, फोटो हातात घे आणि त्यांच्या लेकाचं नाव मोठ्याने वाच. त्या बोट पुढे करतील. ते धरून तुला जिथे ठेवायचं तिथे ठेव. मी समोरच बसेन. नलूला आणू नकोस.

विधीपासून पत्राखाली मी नुसतं मंदा लिहीत होते. आज पुरं लिहिते.

तुझी धाकटी बहीण,
गं. भा. मंदा नरहरी राऊत