अप्पा आणि नेटचे दोन काटे

१२ जून २००६, सोमवार

दुकानातल्या कम्प्युटरवर आज व्हायरस पकडायचं सॉफ्टवेअर बसलं. पडद्याच्या कोपऱ्यात दोन गोल चकत्या, दोन काटे. एक सांगतो नेट किती चाललंय. दुसरा सांगतो बाहेरून धोका किती — हिरवा, पिवळा, लाल. मी अप्पांना समजावायला बसले तर म्हणाले, "काटा हाय न्हवं? मग मला नगं शिकवू." शाहूपुरीच्या बाजारात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तोलण्यात जन्म गेला माणसाचा. माणूस खोटं बोलंल, काटा न्हाय — हे त्यांचं ठरलेलं.

१३ जून

सकाळी अप्पांनी वजनकाट्याला विभूती लावली, मग कम्प्युटरला. वर पडद्यावर बोटाने टकटक — काटा अडकला असला तर सुटतो म्हणे! मग हाक, "विद्या, काटा खाली आलाय. नेट संपालंय, भरून घे." पेट्रोल आहे का ते! हसून हसून पोट दुखलं.

१५ जून

हसणं अंगाशी आलं. बिलं करते सांगून शिवशरणशी चॅट करत होते. कॉलेजातला शिवशरण, आता बेंगलोरला नोकरीला. घरात अप्पा-अव्वा, कुणालाच पत्ता नाही. गादीवरून अप्पा — "बिलं करालीस, मग नेटचा काटा का उड्या मारालाय?" म्हटलं, अपडेट चाललंय. तर खुर्ची ओढून शेजारीच बसले, दिवसभर.

रविवारी कागलचे पाहुणे मला बघायला येणार. मला तिथं जायचं नाही. शिवशरणचं नाव अप्पांपुढं काढायला जीभ रेटत नाही. रडू येतंय नुसतं.

१६ जून

कागलच्या मुलाचा बायोडाटा मेलने आला. उघडला — आणि टूं टूं टूं, धोक्याचा काटा सरळ लालवर. फाईलमध्ये व्हायरस.

अप्पा उठून उभे. "कुणाचं हाय हे?"

"कागलच्या स्थळाचं. पण अप्पा, व्हायरस आला म्हणजे मुलगा वाईट असं नसतं हो —"

"रंग कुठला हाय?"

"लाल."

"मग बास की."

लगेच फोन लावला. पावणं, राग मानू नका, पण जमायचं न्हाय. अव्वाने कपाळावर हात मारून घेतला. त्या बिचाऱ्या मुलाची मी मनातल्या मनात माफी मागितली आणि वर दोन कप चहा प्याले.

१७ जून

दुकान बंद करताना अप्पा म्हणाले, "पुरणाची डाळ आणून ठेवल्या तुझ्या अव्वानं, वाया नगं जायला. उद्या त्या पोराला बोलीव. घरच्यांना घिऊन यी म्हणावं."

"कुठल्या पोराला?"

"मला काय म्हाईत? नेटचा काटा उड्या माराय लागला की तू हसतीस. आणि धोक्याचा त्या वक्ताला हिरवाच ऱ्हातोय. मी बघालोय की रोज."